पोळ्यानंतरच्या झडत्या

नोकरीत मी किती पंचनामे लिहिले याची गणती नाही. त्यातला एकच असा आहे की जो मला आजही डोळे मिटून ओळीनं वाचता येतो. तो माणसाच्या मृत्यूचा नव्हता. दोन बैल आणि एक गाय यांचा होता. त्यात एक ओळ मी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत तिचा अर्थ मलाच कळला नव्हता.

साल बहात्तर, दुष्काळाचं. मला फौजदार होऊन दोन वर्षं झाली होती. कोपरगावकडच्या ऊसपट्ट्यातून माझी बदली जिल्ह्यातल्याच दुसऱ्या तालुक्याला झाली. प्रवरेच्या खालच्या अंगाला असलेलं एक गाव माझ्या हद्दीत होतं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. त्यातली बरीच आता हयात नाहीत, पण त्यांची मुलं-नातवंडं अजून तिथेच एकमेकांच्या शेजारी राहतात.

भांडणाचं मूळ पोळ्यात होतं. पोळ्याच्या दिवशी गावच्या वेशीत तोरण बांधतात आणि त्याखालून बैल नेतात. आधी मानाचा बैल, मग बाकीचे. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतून आजवर कुणी बैल घेऊन तिथे आलं नव्हतं. वस्तीत कुणाकडे स्वतःची जोडी असली तर ना! त्या वर्षी एकाकडे होती. वतनाची थोडी जमीन त्याच्या नावावर झाली होती आणि कोल्हारकडच्या एका बागायतदाराकडून त्यानं तांबड्या बैलांची जोडी आणली होती. पस्तिशीचा, अंगानं काटक, कमी बोलणारा माणूस. वस्तीत त्याला सगळे दादा म्हणायचे. मी त्या वेळी म्हणत नव्हतो, पण इथे तेच लिहितो.

दादानं शिंगांना हिंगूळ लावून, पाठीवर झूल टाकून जोडी वेशीत आणली. रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहिला. तरीही कुणीतरी तोरण काढून टाकलं. शब्दानं शब्द वाढला, दगड आले, काठ्या आल्या. गावातल्या एकाचा हात मोडला, वस्तीतल्या एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, दोन घरांची छपरं ओढून काढली गेली. परस्परविरोधी दोन गुन्हे दाखल झाले. जमावबंदीचा हुकूम निघाला, राखीव पोलिसांची एक तुकडी शाळेत उतरली आणि वरिष्ठांचा निरोप आला की, दोन्हीकडची हत्यारं जप्त करा.

दोन्हीकडच्या झडत्या आम्ही कशा घेतल्या तेही सांगायला हवं. वस्तीत सकाळी सातला जायचं, सगळ्यांना घराबाहेर काढायचं, अंथरुणं उलटी करायची, धान्याची मडकी रिकामी करायची, आढ्यात काठ्या खुपसायच्या. दुष्काळात मडक्यात असणार तरी काय? मूठ-पसा मिलो, रेशनवर मिळणारी अमेरिकेची तांबडी ज्वारी. तोही अंगणात सांडायचा आणि बाया तो मातीतून वेचत बसायच्या. सापडायचे ते विळे, खुरपी, एखादी कुऱ्हाड. गावात झडती म्हणजे पोलीस पाटलाच्या ओट्यावर बसायचं. तो सांगेल त्या घरात हवालदार डोकावून यायचा, तोवर चहा यायचा. मी स्वतः पाथर्डीकडचा, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला. गावकरी मला आपला माणूस समजत होते आणि मलाही ते बरं वाटत होतं.

वस्तीला माझा संशय होता. गावाला राखीव पोलिसांचा संशय होता. मला सगळ्यांचाच होता. माझ्या ठाण्यात वस्तीच्याच समाजाचा एक शिपाई होता, नोकरीत माझ्यापेक्षा जुना. बातमी फुटेल म्हणून मी त्याला गावच्या बंदोबस्तातून काढून लॉकअपच्या पहाऱ्यावर बसवलं. कारण त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

गावानं वस्तीवर बहिष्कार टाकला. दुकान बंद, पिठाची चक्की बंद, विहीर बंद. तहसीलदारांना सांगून आम्ही माणसांच्या पाण्यासाठी एक दिवसाआड टँकर लावला. जनावरांचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

पोळ्यानंतर आठव्या दिवशी सकाळी निरोप आला, तात्यांची जनावरं मेली. तात्या म्हणजे गावातले मोठे शेतकरी, साठीचे, मानाचा बैल त्यांच्याच घरचा. ओढ्यापलीकडे त्यांचा मळा होता आणि ते आणि त्यांची बायको माई तिथेच राहत. मी पोचलो तेव्हा विहिरीजवळ दीडदोनशे माणसं जमली होती. दोन बैल आणि एक गाय फुगून पडली होती, तोंडाला फेस. मेलेल्यांत मानाचा बैलही होता. तात्या एका दगडावर बसले होते, हात गुडघ्यांवर सोडून.

"तात्या, कुणावर संशय?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. गर्दीतून उत्तर आलं. "संशय कशाला पायजे साहेब? पिकावर मारायचं येन्ड्रीन घातलंय. कुनी घातलं त्ये शेंबडं पोर बी सांगल."

"तात्या, तुम्ही सांगा."

"लोकं म्हनत्यात तसंच आसंल," तात्या म्हणाले. माई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

नवीनच लागलेला जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं एक बैल फाडला, आतड्याचे तुकडे बरणीत भरले. "विषबाधा दिसते. कशाची ते पुण्याहून कळेल," एवढं बोलून तो मोकळा झाला. 'विष' हा एक शब्द गर्दीला पुरेसा होता. मी डॉक्टरच्या सांगण्यावरून पंचनामा लिहिला, पंचांच्या सह्या घेतल्या, बरण्या सीलबंद केल्या. दुपारपर्यंत तात्यांची फिर्याद नोंदवून झाली. जनावरं मारल्याबद्दल कलम चारशे एकोणतीस, संशयित म्हणून दादाचं नाव.

फिर्यादीत ते नाव कसं आलं? पोलीस पाटलाच्या टिपेवरून. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, गावात फवारनी करतो कोन? त्योच. त्याच्या घरी येन्ड्रीनचा डबा हाय. आन सकाळी दिस उगवायच्या टायमाला त्यो मळ्याकडनं येताना आमच्या एकानं बघितलाय."

बातमी पक्की वाटली. आम्ही थेट वस्तीत गेलो. दादाच्या घरात चुलीमागच्या फळीवर डबा सापडला, तळाला दोन बोटं औषध. पंचांसमोर मुद्देमाल म्हणून जप्त केला. दादाची बायको उंबऱ्यात उभी होती. ती घाबरलेली नव्हती, चिडलेली होती.

"साहेब, आठ दिसांत किती येळा घर उसकटलं तुमी? परवाच्या झडतीत बी त्यो डबा हितंच हुता. तुमच्याच हवालदारानं हुंगून परत ठिवला. तवा इख नव्हतं का त्यात?"

मी हवालदाराकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघू लागला.

"तात्याच्याच वांग्यावर मारायला गेल्या साली आनलेला डबा हाय," ती म्हणाली. "त्यांनीच दिला. इचारा जाऊन."

मी विचारलं नाही. दादाला जीपमध्ये बसवलं.

चौकशीबद्दल आधी एक सांगतो. निरपराध माणूस चौकशीत पुष्कळ बोलतो, नको ते तपशील सांगतो, शपथा घेतो. अपराधी मोजकं बोलतो. असा माझा तेव्हाचा समज होता. दादा मोजकं बोलत होता.

"सकाळी कुठं होतास?"

"घरी."

"तुला मळ्याकडून येताना पाहिलंय."

"बघितलं आसंल."

"मग घरी कसा?"

गप्प.

"मळ्यात काय करत होतास?"

"जनावराला इख न्हाई घातलं मी. माझ्या बी दावनीला बैल हायेत."

"ते नाही विचारलं. मळ्यात का गेला होतास?"

पुन्हा गप्प. नजर खाली नाही, इकडेतिकडे नाही, समोरच्या भिंतीवर. तो काहीतरी लपवतोय एवढं मला त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि तेवढं खरंच होतं. हवालदारानं कमरेचा पट्टा काढला. मी त्याला काढ म्हणालो नव्हतो. थांब असंही म्हणालो नाही. समोरचे कागद चाळत राहिलो. दादानं तोंडातून आवाज काढला नाही. थोड्या वेळानं हवालदारच दमला.

दुसऱ्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभा केला. त्यांनी काही तक्रार आहे का म्हणून विचारलं. तो नाही म्हणाला. दोन दिवसांची कोठडी मिळाली. मुदत संपण्याच्या दिवशीच गावचा बाजार होता. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं येणार, आणि बाजार उठला की सगळे मिळून वस्तीवर जाणार, अशी बातमी दोन वेगवेगळ्या खबऱ्यांनी दिली. वस्तीतल्या काही घरांनी भांडी पोत्यात भरून ठेवली होती. मला बाजाराच्या आत कबुली हवी होती. कबुली मिळाली, आरोपी कोर्टात गेला की लोक शांत होतात, असा आमचा अनुभव.

कोठडीच्या पहिल्याच दुपारी लॉकअपवरचा तो शिपाई माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"काय रे?"

"साहेब, आरोपी सारखं एकच विचारतोय. बैलांना पाणी कोण दाखवतंय म्हणून."

"बायको दाखवेल."

"मी तेच म्हणालो. तर म्हणाला, तिला कोण देणार पाणी? मी म्हणालो, मग आजवर कोण देत होतं? त्यावर गप्प बसला." शिपाई जायला वळला आणि परत फिरला. "माझं काम नाही साहेब, पण आठ दिवस विहीर बंद, टँकरचं पाणी माणसांपुरतंच. नदीत तर नुसती वाळू. दोन बैल पाण्याबिगर आठ दिवस उभे राहत नाहीत."

मी त्याला जा म्हणालो. पण खुर्चीत स्वस्थ बसवेना. गोष्ट इतकी साधी होती की कुणाही शेतकऱ्याच्या पोराला सुचावी. मी शेतकऱ्याचा पोरगा, मला सुचली नव्हती. त्या शिवारात तेव्हा तळाला पाणी असलेल्या विहिरी दोन. एक गावातली. दुसरी तात्यांच्या मळ्यातली.

संध्याकाळ व्हायच्या आत एकटाच मोटारसायकलवर मळ्यात गेलो. तात्या गावात गेले होते. पुरवणी जबाब घ्यायला आलो असं मी माईंना सांगितलं. त्यांनी घोंगडी टाकली, पाणी दिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्येला मारलं का वो?"

फिर्यादीच्या घरात आरोपीबद्दल असा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. मी उठून गोठ्याकडे वळलो. आत चौथं जनावर होतं, एक पांढरा बैल, मान टाकून बसलेला पण जिवंत. मेलेल्या तिघांबरोबरचाच. तो कसा वाचला, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर आणि समोरच्या फरशीवर मुंगळ्यांची रांग लागली होती. मी फरशीला बोट लावलं. चिकट होतं.

"माई, बैलाला काय पाजताय?"

"पानी."

"गुळाचं?"

त्यांनी गुळाचं भांडं मागे सरकवलं.

आमच्या पाथर्डीकडे दर दुष्काळात एकदोन जनावरं अशी जातात. पावसानं ताण दिला की गुडघ्याएवढी खुरटलेली ज्वारी विषारी होते. हिरवं दिसतं म्हणून जनावर तोंड घालतं आणि घटकाभरात फुगून, फेस काढून मरतं. त्याला किरळ लागणं म्हणतात. थोडं खाल्लेलं असेल तर गुळाचं पाणी पाजून वाचतं, एवढं माझी आईही जाणून होती. एन्ड्रीन प्यायलेल्या जनावराला कुणी गुळाचं पाणी पाजत नाही. माईंना पहिल्या क्षणापासून माहीत होतं की हे किरळ आहे.

"माई, जनावरं ज्वारीत गेली होती ना?"

त्या गव्हाणीच्या कडेला बसल्या. पदर तोंडाला लावला. मग बोलायला लागल्या त्या थांबल्या नाहीत.

"वैरन संपली हुती साहेब. चार दिस नुसत्या काडावर हुती जनावरं. ह्यांनीच सोडली ज्वारीत. म्हनले, वरवर खाऊ दे, काय हुत न्हाई. आन आपन दूध घालाया गावात गेले. त्यो आला हुता बैलं घिऊन हिरीवर. रोज यायचा, दिस उगवायच्या आत. मीच म्हनले हुते येत जा म्हनून. गावानं पानी तोडलं तरी जनावराचं कसं तोडायचं? त्यानंच बघितली ज्वारीत. वरडत पळाला. समद्यांस्नी बाहीर काढलं, पर तवर तिघांनी पोट भरलं हुतं. ह्यो एकटा थोडं खाल्ल्याला. त्यानं ह्येचं त्वांड धरलं आन मी गूळ कालवून वतला. बाकीची हिरीपाशी येऊन पडली."

"मग तो निघून का गेला?"

"मीच घालवला. म्हनले, जा बाबा, कुनी बघितलं तर तुजं बी मरन आन माजं बी. कुनाला सांगू नगं पान्याचं. त्यो म्हनला, न्हाई सांगत माई." त्या रडायला लागल्या. "त्यानं सांगितलं न्हाई, व्हय ना? कालपास्नं मी वाट बघती, आता सांगल, मग सांगल."

"आणि तात्या?"

"त्ये आले तवा लोकं जमली हुती. म्या सांगायच्या आदी लोकांनी इख म्हनून टाकलं."

अंधार पडायच्या आत मी ज्वारीचा तुकडा बघून आलो. शेंडे खुडलेले होते, खुरांचे ठसे स्पष्ट होते. ठाण्यात येऊन पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: पोटात अर्धवट चघळलेला हिरवा पाला आढळला. त्या वर्षी अख्ख्या शिवारात हिरवं पान दिसत नव्हतं. बैलाच्या पोटात ते कुठून आलं, हा प्रश्न मला लिहिताना पडला नव्हता. माझ्या डोक्यात तेव्हा आरोपी ठरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरला घेऊन मळ्यात गेलो. त्यानं ताटं उपटून पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. पुस्तकात वाचलं होतं, समोर कधी पाहिलं नव्हतं, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. तात्या बांधावर उभे होते. माईंनी त्यांना रात्रीच सांगितलं असावं, कारण मी बोलायच्या आधी तेच बोलले.

"मला समजलं हुतं साहेब. फेस बघितला तवाच समजलं."

"मग फिर्यादीवर सही का केलीत?"

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मी काय म्हनलो हुतो का त्यानं मारली? लोकं म्हनली. आन मी न्हाई म्हनलो न्हाई. साठ वर्सं शेती केली. समद्या गावाला सांगत आलो, ज्वारीला ताण बसला की जनावर लांब ठिवा. आन माज्याच हातानं मानाचा बैल घालवला. कोन्त्या तोंडानं सांगनार?"

"एक माणूस कोठडीत आहे, तात्या. मार खाल्लाय त्यानं."

"त्यो हिरीवर येत हुता ह्ये मला ठावं नव्हतं," ते म्हणाले. मग टोपी पुन्हा डोक्यावर घालून, "ठावं आसतं तर हाकलला आसता. खोटं कशाला बोलू?"

त्यांचा हा खरेपणा मला तेव्हा विचित्र वाटला. आता वाटत नाही.

जबाब बदलून घेणं माझ्या हातात होतं. पण कागदावरचा जबाब बाजारातल्या गर्दीला कोण वाचून दाखवणार? पोलिसांनी दाबलं, एवढंच लोक म्हणाले असते. मी तात्यांना म्हणालो, "उद्या बाजारात तुम्ही स्वतः सांगायचं. मी शेजारी उभा राहीन, बोलणार नाही." ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्या रात्री मी राखीव तुकडी वस्ती आणि गाव यांच्या मधल्या रस्त्यावर आणून ठेवली.

बाजाराच्या दिवशी दुकानं कमी आणि माणसं जास्त होती. बायका जवळजवळ नव्हत्याच, आणि बाजारात बायका दिसल्या नाहीत की पोलिसानं सावध व्हावं. अकराच्या सुमाराला चावडीसमोर घोळका वाढायला लागला. काहींच्या हातात शिवळा, म्हणजे बैलगाडीच्या जुवातले लाकडी दांडे, होत्या. पोलीस पाटील माझ्या कानाशी लागला, "साहेब, तुमी जरा तालुक्याला जाऊन या. कागदाचं काम आसंल न्हवं."

मी गेलो नाही. तात्या आले. बरोबर माई होत्या. त्या गावच्या चावडीवर तोवर कुठल्या बाईनं पाय ठेवला नव्हता. तात्या पायरीवर चढले आणि खाकरले.

"माजी जनावरं किरळानं मेली. ज्वारीत मीच सोडली हुती."

आधी कुणाला नीट कळलंच नाही. मग मागून एक जण ओरडला, "तात्या, फौजदारानं दम दिला का?"

"फौजदार काय दम दील मला? गोठ्यात पांढरा बैल हाय, त्येला जाऊन बघा. त्यो वाचलाय त्ये त्या मान्सानं वढून काढला म्हनून."

"त्यो तुमच्या मळ्यात कशाला गेल्ता?"

तात्यांनी माईंकडे पाहिलं. इथे ते बोलले नसते तरी मी त्यांना दोष दिला नसता. बोलल्या त्या माई. खालच्या पायरीवरूनच.

"पान्याला आल्ता. म्याच दिलं पानी. माजी हिर, माजी जनावरं. ज्येला जाब इचारायचा आसंल त्यानं मला इचारा."

कुणी विचारला नाही. कुणी चुकलो असंही म्हणालं नाही. माणसं एकेकटी पांगायला लागली. शिवळा धोतरामागे लपवल्या गेल्या. एक म्हातारा जाता जाता पुटपुटला, "काय खरं, काय खोटं." त्याच्या मनात अजून संशयच होता, फक्त कुणाचा ते आता त्याला नक्की सांगता येत नव्हतं. दुपारी दोनला बाजारात बायका दिसल्या. मी राखीव तुकडीला जेवायला सोडलं.

दादाला त्याच दिवशी सोडलं. लॉकअपचं दार त्या शिपायानं उघडलं. दादाला मी समोर खुर्ची दिली. तो उभाच राहिला.

"तू... तुम्ही आधीच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं आसतं तर तुमी मानलं आसतं का?"

तोच पुढे म्हणाला, "माज्या जबाबात माईचं नाव लिवलं आसतं तुमी. त्यो जबाब पाटलाच्या वट्यावर वाचला गेला आसता. माजं काय, मार खाऊन मोकळा. ती त्याच गावात ऱ्हानार."

हे खरं होतं. मी माझे जबाब पोलीस पाटलाच्या ओट्यावरच लिहीत होतो.

मी माफी मागितली नाही. माफी मागायची पद्धत आमच्याकडे नव्हती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. "काही अडचण आली तर ठाण्यात या," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "ठान्यात यायची येळच येऊ नये, एवढं बघा साहेब." बाहेर त्याची बायको दोन्ही बैल घेऊन उभी होती. नदीच्या पात्रात झरा खणून तिनं दोन दिवस त्यांना पाणी पाजलं होतं. तिच्या हातांची बोटं सोललेली होती.

गुन्हा 'गैरसमजुतीनं दाखल' म्हणून निकाली काढला. दिवाळीनंतर पुण्याहून अहवाल आला. एन्ड्रीन नव्हतं. तोवर दादा, दसरा होताच, गाडी जुंपून कोपरगावकडे ऊस वाहायला निघून गेला होता. पोळ्याच्या मारामारीचे दोन्ही गुन्हे कोर्टात कित्येक वर्षं रेंगाळले आणि अखेर तडजोडीत मिटले. तात्या पुढे गावच्या बैठकांना फारसे गेले नाहीत असं ऐकलं. पांढरा बैल जगला.

त्या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी कधी कधी विचारतात. संशय हा पोलिसाच्या कामाचाच भाग आहे, तो मी कधी सोडला नाही. पण तणावाच्या दिवसांत माणूस गप्प बसतो तो दर वेळी स्वतःला वाचवायला नाही, हे मी तिथे शिकलो. झडतीत वस्तू सापडते, तिचा अर्थ आपण घरून बरोबर नेलेला असतो, हेही शिकलो. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे दोन गोष्टी केल्या. जबाब गावपुढाऱ्याच्या ओट्यावर लिहिले नाहीत. आणि झडती घ्यायची वेळ आली की पहिली झडती फिर्यादीच्या घराची, तितक्याच सकाळी, तितक्याच कसून. त्यावर तक्रारी झाल्या, एकदा वरिष्ठांनी लेखी खुलासा मागवला. खुलाशात मी नियमांचे दाखले दिले, कलमं लिहिली. दादाला माझ्यासमोर पट्ट्यानं मारलं आणि मी कागद चाळत बसलो, हे खरं कारण होतं. ते लिहायला मला निवृत्त व्हावं लागलं.